स्कूबा रेग्युलेटरची निगा आणि बिघाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाइव्हवरून परतल्यावर आधी कॅमेरा धुतला जातो, मग मास्क, आणि रेग्युलेटर शेवटी कसाबसा बादलीत बुचकळला जातो. खरं तर पाण्याखाली श्वास चालतो तो त्याच्याच जिवावर. तसा हा इमानी प्राणी आहे, अचानक दगा क्वचितच देतो. आधी कुरकुर करतो, फुसफुसतो, सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरवतो. आपलं तिकडे लक्ष नसतं, एवढंच. पुढचे प्रश्न त्या कुरकुरीबद्दलचे आहेत.

आतली रचना समजून घ्यायलाच हवी का? मला फक्त डाइव्हिंग करायचंय.

दोन मिनिटांपुरती हवी, नाहीतर पुढचं सगळं निदान अंदाजपंचे होईल. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. सिलिंडरवर बसणारा फर्स्ट स्टेज तो उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणतो. हा झाला मधला दाब. तोंडातला सेकंड स्टेज तो आणखी उतरवून आजूबाजूच्या दाबाइतका करतो, तोही तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच. कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ साली ही मागणीनुसार हवा देणारी यंत्रणा पाण्यात उतरवली, तेव्हा गान्यांच्या हाती आधीपासून होता तो मोटारगाड्या गॅसवर चालवण्यासाठी केलेला व्हॉल्व्ह. आजच्या रेग्युलेटरचं तत्त्वही तेच आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आजच्या बहुतेक सगळ्या सेकंड स्टेजमधला व्हॉल्व्ह बिघडला तर उघडा राहतो, बंद होत नाही. म्हणजे बिघाड झाला की हवा सहसा थांबत नाही, उलट धो धो वाहू लागते. घाबरण्यासारखं ते दिसतं खरं, पण रचना मुद्दाम तशी केलेली आहे.

डाइव्हनंतर रेग्युलेटर नीट धुवायचा म्हणजे काय करायचं?

मीठ वाळण्याआधी धुवायचा. सगळ्यात महत्त्वाचं तेच. ओलं मीठ पाण्यात सहज विरघळतं, पण वाळून त्याचे खडे झाले की ते पिस्टनच्या कडेला, श्वास हलका-जड करणाऱ्या नॉबच्या आट्यांत आणि होजच्या, म्हणजे हवेच्या नळ्यांच्या, टोकांशी चिकटून बसतात. मग नुसतं बुचकळून काही होत नाही.

उत्तम पद्धत अशी: रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला आणि व्हॉल्व्ह उघडा असतानाच गोड्या पाण्यात बुडवायचा. आत दाब असला की पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही, आणि पर्ज बटनही, म्हणजे सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटन, बिनधास्त दाबता येतं. हे जमत नसेल तर डस्ट कॅप, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं टोपण, कोरडी करून घट्ट बसवा आणि कोमट पाण्यात अर्धा तास तरी भिजत ठेवा. हाताला सोसेल इतपतच कोमट, कढत नको. फर्स्ट स्टेजला बाहेरून भोकं असतील तर त्यांतून हलकी धार सोडा, कारण समुद्राचं पाणी तिथून पिस्टनपर्यंत गेलेलं असतं. सेकंड स्टेजच्या माउथपीसमधून पाणी आत सोडून एक्झॉस्टमधून बाहेर पडू द्या. सिलिंडर जोडलेला असेल तर नॉब आणि लिव्हर पाण्यातच दोन्हीकडे फिरवा. होजवरची रबरी टोपणं मागे सरकवा. त्यांच्याखाली मीठ साचतं आणि धातूवर हिरवी पुटी धरते, आणि वरून सगळं चकचकीत दिसत असतं.

डाइव्ह सेंटरवरच्या सामाईक पिंपात दिवसभरात वीस जणांचं सामान बुडून निघतं. संध्याकाळी ते पाणी चाखून पाहिलंत तर कळेल. तिथे बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे, घरी आल्यावर पुन्हा धुवा.

सिलिंडरला जोडलेला नसताना पर्ज बटन दाबू नका, असं सगळे का सांगतात?

कारण बटन दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, आणि आत दाब नसेल तर पाणी माउथपीसमधून होजमध्ये आणि तिथून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जाऊ शकतं. बादलीच्या तळाशी रेग्युलेटर टाकून वर बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट, ठेवलं तरी बटन नकळत दाबलं जातं. शिवाय काही सेकंड स्टेजमध्ये नॉब पूर्ण सैल असेल तर व्हॉल्व्ह दाबाशिवाय किंचित उघडाच राहतो. म्हणून भिजवताना नॉब आत आवळलेला ठेवायचा आणि वाळवून ठेवताना बाहेर सैल करायचा. सैल का, ते साठवणुकीच्या प्रश्नात येईल.

डस्ट कॅपवर सिलिंडरची हवा मारून ती कोरडी करायची सवय बऱ्याच जणांना असते. कानठळ्या बसतात ते सोडाच, पण उडालेले थेंब शेजारच्या फर्स्ट स्टेजच्या तोंडातून आत जाऊ शकतात. टॉवेलने पुसा.

पाणी आत गेलंच, तर?

लगेच सिलिंडरला जोडा, व्हॉल्व्ह हळू उघडा आणि प्रत्येक सेकंड स्टेजचं बटन दाबून हवा जोरात वाहू द्या. कोरडी हवा बरंचसं पाणी घेऊन जाते. खारं पाणी असेल तर यावर थांबू नका, सर्व्हिसिंगला द्या. आतल्या स्प्रिंगवर आणि पितळेवर मीठ काम करत राहतं आणि महिन्याभराने त्याचा पत्ता लागतो. पाणी गेज किंवा कॉम्प्युटरच्या होजमध्ये शिरलं असेल तर ते असं वाहून जात नाही, कारण त्या होजचं पुढचं टोक बंद असतं.

सेकंड स्टेज सतत फुसफुसतो. बिघाड कुठे शोधू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न. फुसफुस सेकंड स्टेजमधून येते म्हणून लोक सेकंड स्टेज उघडून बसतात. बरेचदा हे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असतं, कारण दोष फर्स्ट स्टेजचा असतो.

आधी वेळ पाहा. व्हॉल्व्ह उघडल्याउघडल्या फुसफुस सुरू झाली आणि तशीच राहिली, तर सेकंड स्टेजकडे बोट दाखवा: सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या मऊ गादीवर, खोल ओरखडा पडला असेल, वाळूचा कण अडकला असेल, किंवा आतला लिव्हर फार उंच लावला असेल. व्हॉल्व्ह उघडल्यावर सगळं शांत असेल आणि मिनिट-दोन मिनिटांनी हळूहळू फुसफुस सुरू होत असेल, तर मधला दाब चढतोय. पर्ज बटन क्षणभर दाबून सोडल्यावर ती थांबते आणि थोड्या वेळाने परत येते, हीही त्याचीच खूण. फर्स्ट स्टेजची उच्च दाबाची सीट झिजली की ती पूर्ण बंद होत नाही, हवा थेंबाथेंबाने झिरपते, मधला दाब वाढत जातो आणि शेवटी जो सेकंड स्टेज सगळ्यात हलका लावलेला असेल तो उघडतो. म्हणून एकच सेकंड स्टेज गळतोय याचा अर्थ दोष त्याचाच, असं नाही. तो फक्त सगळ्यात हळवा आहे.

याचा पक्का निकाल मधल्या दाबाचा गेज देतो. तो बीसीडीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटर होजला लागतो, वापरायला सोपा आहे आणि माझ्या मते नियमित डाइव्ह करणाऱ्या प्रत्येकाकडे असावा. भरलेल्या सिलिंडरवर लावा, दहा-बारा वेळा पर्ज करा आणि मग काटा पाहत राहा. बटन दाबल्यावर काटा थोडा खाली यायला हवा, सोडल्यावर झटकन वर जाऊन एका जागी थांबायला हवा. थांबल्यावर पाच मिनिटांनीही तिथेच असेल तर फर्स्ट स्टेज ठणठणीत. मुंगीच्या पावलांनी वर चढत असेल तर डाइव्ह रद्द. सेकंड स्टेजचा नॉब आवळून फुसफुस बंद करता येते, पण ते तापाचा काटा पुसण्यासारखं आहे.

बोटीवरून पाण्यात पडलो की रेग्युलेटरमधून भसाभस हवा येते. खराब झालाय का?

बहुधा नाही. माउथपीस वर करून सेकंड स्टेज पाण्यात पडला की डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, माउथपीसपेक्षा खाली जातो, त्याच्यावरचा पाण्याचा दाब थोडा जास्त होतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. एकदा हवा वाहू लागली की तिच्याच ओघाने डायफ्राम आत खेचलेला राहतो. माउथपीस खाली वळवा किंवा बोटाने झाका, थांबेल. सेकंड स्टेजवर छोटा लिव्हर असेल तर पाण्यात उतरण्याआधी तो पृष्ठभागाच्या खुणेवर ठेवा.

पाण्याखाली फ्री फ्लो झाला, म्हणजे हवा न थांबता वाहू लागली, तर?

साथीदाराला खूण करा, त्याचा ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, घ्या आणि दोघं नियंत्रित वेगाने वर या. साथीदार जवळ नसेल तर ओसंडणाऱ्या रेग्युलेटरमधूनच श्वास घेता येतो: ओठ घट्ट आवळायचे नाहीत, हवा घोट घोट घ्यायची आणि उरलेली बाजूने जाऊ द्यायची. पूर्ण फ्री फ्लोमध्ये सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो, आणि खोल असाल तर आणखी लवकर. हा सराव उथळ पाण्यात अधूनमधून करत राहा. कोर्समध्ये एकदा केला होता म्हणून अंगात राहत नाही.

श्वासाबरोबर पाणी येतं. काय पाहू?

आधी माउथपीस. दातांनी चावून चावून त्याला आवळपट्टीच्या आतल्या बाजूला बारीक चीर पडते, जी ताणल्याशिवाय दिसत नाही. पट्टी कापून ओढून पाहा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

ते ठीक असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेचं पातळ रबरी झाकण. त्याच्या कडेखाली केस, वाळू किंवा उलटीचा कण अडकला की ते पूर्ण मिटत नाही. हो, रेग्युलेटरमधून उलटी होते, लाजायचं कारण नाही, पण नंतर नीट धुवा. तिसरा संशयित डायफ्राम. तो फाटलेला असेल किंवा झाकण बसवताना दुमडला गेला असेल.

कोरड्यातली चाचणी सोपी आहे: डस्ट कॅप बसवा, सिलिंडर जोडू नका, माउथपीस तोंडात धरून हळू ओढा. हवा अजिबात यायला नको, गाल आत खेचले जाऊन अडायला हवं. हवा येत असेल तर पाणीही येणार. ही चाचणी मी प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री करतो, अर्धं मिनिट लागतं.

श्वास जड वाटतो, ओढून घ्यावा लागतो.

आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय का ते पाहा. गेजकडे नजर ठेवून चार मोठे श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत येत असेल तर हवेची वाट कुठेतरी अरुंद आहे: अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा तुंबलेला फिल्टर. पूर्ण उघडून मग पाव आटा मागे फिरवायची जुनी शिकवण अनेकांना गोंधळात टाकते. बंद व्हॉल्व्ह पाव आटा उघडून कोणी पाण्यात उतरलं तर वर सगळं ठीक वाटतं आणि खोलवर दम कोंडतो. त्यापेक्षा पूर्ण उघडा आणि तसाच ठेवा.

सिलिंडर संपत आल्यावरच जड होत असेल आणि तुमचा फर्स्ट स्टेज साधा, म्हणजे अनबॅलन्स्ड पिस्टनचा असेल, तर तो त्याचा स्वभाव आहे. सिलिंडरचा दाब उतरला की त्याचा मधला दाबही उतरतो.

बुडबुडे दिसतात. कुठले चालतात, कुठले नाही?

सिलिंडर आणि फर्स्ट स्टेजच्या सांध्यातून येत असतील तर ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, बदला. यॉकसाठी (शिकंज्याने आवळायची जोडणी) ती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये असते, डीनसाठी (आट्यांनी फिरवून बसवायची) रेग्युलेटरवर. अर्ध्या मिनिटाचं काम. गेजच्या फिरत्या सांध्यातून शॅम्पेनसारखे बारीक बुडबुडे येत असतील तर आतल्या छोट्या खुंटीवरच्या दोन ओ-रिंग गेल्यात. तातडी नाही, पण पुढच्या सहलीपर्यंत लांबवू नका. फर्स्ट स्टेजच्या अंगावरच्या भोकांतून बुडबुडे येत असतील तर आतली पिस्टनची ओ-रिंग किंवा डायफ्राम गेलाय. त्यावर डाइव्ह नको.

ऐकून आश्चर्य वाटेल, पण गेजचा उच्च दाबाचा होज फुटला तर हवा तुलनेने हळू जाते, कारण त्याच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. मधल्या दाबाचा होज फुटला तर सिलिंडर भराभर रिकामा होतो. दाब कमी असला तरी वाट मोठी.

होज कधी बदलायचे?

बऱ्याच कंपन्या ५ वर्षांच्या आसपास सांगतात. रबरी होज वाकवून पाहा, टोकांजवळ केसांएवढ्या भेगा दिसल्या तर निर्णय झाला. वेणीदार होज हलके आणि लवचीक असतात, पण त्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही. काहींच्या आतल्या पॉलियुरेथेनच्या नळीचं विघटन होऊन पिवळसर स्फटिक तयार झाल्याचं आणि त्यांनी हवेची वाट अडवल्याचं आढळलं आहे, विशेषतः उष्ण प्रदेशांत. म्हणून वेणीदार होज वरून नवाकोरा दिसला तरी वय मोजायचं.

फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी जाळीसारखा फिल्टर आहे, त्याचा रंग बदललाय.

तो तुमच्या रेग्युलेटरची रोजनिशी आहे. हिरवट म्हणजे पाणी आत गेलं. तांबूस-तपकिरी म्हणजे कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरमध्ये गंज होता. काळपट भुकटी असेल तर कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा किंवा तेलाचा अंश असू शकतो, तेव्हा हवा कुठे भरता तेही तपासा. खरवडून साफ करू नका, सर्व्हिसिंगमध्ये बदलून घ्या.

थंड पाण्यात वेगळं काय?

हवा दाबातून सुटून पसरते तेव्हा प्रचंड गार होते. आधीच थंड पाणी असेल तर फर्स्ट स्टेजवर बर्फ धरतं, व्हॉल्व्ह उघडा अडकतो आणि फ्री फ्लो होतो. युरोपीय मानक ईएन २५० प्रमाणे १० अंश सेल्सियसखालचं पाणी थंड धरतात, आणि तिथे त्यासाठी प्रमाणित केलेला रेग्युलेटरच वापरावा. पाण्याबाहेर गोठणाऱ्या हवेत श्वास घेऊन चाचणी करू नका, कारण तुमच्या श्वासातलं बाष्पच आत गोठेल. बीसीडीत हवा भरणं आणि मोठा श्वास घेणं एकाच वेळी टाळा.

नायट्रॉक्ससाठी, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेसाठी, वेगळा रेग्युलेटर लागतो का?

४० टक्के ऑक्सिजनपर्यंत अनेक कंपन्या नेहमीचाच चालवतात, पण तुमच्या मॉडेलचं पुस्तक काय म्हणतं ते वाचा. त्यावर गेलात तर ऑक्सिजनसाठी साफ केलेला आणि त्याला सोसणाऱ्या वंगणाचाच हवा. साधं सिलिकॉन ग्रीस उच्च दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतं. आणि असा रेग्युलेटर एकदा साध्या कॉम्प्रेसरच्या हवेवर वापरला की त्याची ती सफाई संपली असं धरा.

सिलिकॉन स्प्रे मारला तर रबर टिकेल?

नको. माउथपीस आणि डायफ्राम आज बहुतेक सिलिकॉनचेच असतात, आणि त्यांना सिलिकॉनचं तेल लागलं की ते फुगतात, मऊ पडतात.

ठेवायचा कसा?

सावलीत, पूर्ण वाळवून, होजला मोठा गोल वळसा देऊन. फर्स्ट स्टेजच्या वजनावर होज लोंबकळत ठेवू नका. सेकंड स्टेजचा नॉब बाहेर सैल करा, म्हणजे सीटवर धातूची कड सतत दाबली जाऊन खाच पडत नाही. गाडीच्या डिकीत विसरू नका. विजेच्या मोटरशेजारीही ठेवू नका, तिच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन रबर खातो. माउथपीसवर पिशवी बांधा. महिनोन्‌महिने पडून असलेल्या सेकंड स्टेजमधून झुरळ निघालेलं मी पाहिलंय. पहिला श्वास घेण्याआधी निघालं, हे त्या डाइव्हरचं नशीब.

वर्षभर वापरलाच नाही, तरी सर्व्हिसिंग?

तपासणी तरी हवीच. कंपन्यांचे नियम सारखे नाहीत: कोणी दर वर्षी म्हणतं, कोणी २ वर्षं किंवा १०० डाइव्ह यांपैकी जे आधी येईल ते, आणि मध्ये वार्षिक तपासणी. ओ-रिंग पडून राहूनही कडक होतात, सीटवर खाच वापराविनाही पडते. उलट, चाचण्यांत उत्तम असलेला रेग्युलेटर फक्त तारीख आली म्हणून उघडायची घाईही मला पटत नाही, मात्र वॉरंटी टिकवायची असेल तर तारीख पाळा.

घरी स्वतः उघडू का?

माउथपीस, होज, बाहेरच्या ओ-रिंग, गेजची खुंटी: खुशाल. फर्स्ट स्टेज उघडण्यासाठी मात्र खास पाने, कंपनीचे सुटे भाग, टॉर्कचे आकडे आणि प्रशिक्षण लागतं. पितळी आसनावर टाचणीचा एक ओरखडा पडला तरी ओ-रिंग कितीही नवी घाला, गळतच राहतं. व्हिडिओ पाहून सुरुवात करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शिकायचंच असेल तर कोर्स करा, आणि हात बसवायला जुना, बाद झालेला रेग्युलेटर घ्या.

सर्व्हिसिंगहून परत आला, आता निर्धास्त?

उलट, आता जास्त लक्ष द्या. माझा एक रेग्युलेटर सर्व्हिसिंगहून आला आणि पहिल्याच डाइव्हला ऑक्टोपसमधून पाणी यायला लागलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड दुमडून बसवली होती. नवी सीट पहिल्या काही डाइव्हमध्ये थोडी बसते, त्यामुळे मधला दाबही किंचित सरकतो. म्हणून आल्यावर बदललेले भाग आणि मधल्या दाबाची नोंद मागून घ्या. घरी डस्ट कॅपची चाचणी करा, मग सिलिंडर लावून दाब द्या, व्हॉल्व्ह बंद करा आणि १० मिनिटांनी गेजचा काटा हललाय का पाहा. नंतर सगळा संच पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा. पहिली डाइव्ह उथळ ठेवा, आणि त्या डाइव्हमध्ये ऑक्टोपसमधूनही दोन-चार मिनिटं श्वास घ्या.